दक्षिण अमेरिकेतला फुटबॉलपटू भारतीय क्लबमध्ये आणायचा असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातले आणि मुंबईतले क्लबचालक, पुण्याचे प्रायोजक, कोल्हापूरचे फुटबॉल संघ चालवणारे तालीमवाले, शिवाय साधे चाहते, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. परदेशी खेळाडूंची निवड हेच माझं काम असल्याने त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे. नियम दर हंगामात थोडे बदलतात. सही करण्याआधी त्या वर्षाचं नियमपत्रक हातात असू द्या.

दक्षिण अमेरिकेतूनच का? आफ्रिका, स्पेन आहेतच की.

आहेतच. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) सर्वाधिक परदेशी खेळाडू अनेक वर्षं स्पेनमधून आले, आणि गोव्याच्या क्लबांना नायजेरियाच्या स्ट्रायकरांनी किती विजेतेपदं मिळवून दिली ते मडगावच्या फातोर्डा मैदानावर कुणालाही विचारा. पण दक्षिण अमेरिकेचं गणित वेगळं आहे. ब्राझीलमध्ये जानेवारीपासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत प्रत्येक राज्याची स्वतंत्र स्पर्धा होते. शेकडो छोट्या क्लबांना तेवढीच काय ती स्पर्धा असते. ती संपली की त्यांच्याकडे उरलेल्या वर्षाचा पगार द्यायला पैसे नसतात आणि खेळाडूंचे करार तिथेच संपतात. दर उन्हाळ्यात चांगल्या तयारीचे, पंचविशी ते तिशीतले, पूर्ण व्यावसायिक खेळाडू असे मोकळे होतात.

अर्जेंटिना आणि उरुग्वेत कहाणी थोडी निराळी. तिथल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा इटली किंवा स्पेनमधून आलेले, त्यामुळे युरोपचा पासपोर्ट मिळतो आणि ते युरोपच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत जातात. ज्यांना तो मिळत नाही ते मेक्सिको, इंडोनेशिया, थायलंड, मलेशिया आणि भारताकडे पाहतात. आपली स्पर्धा याच देशांशी आहे. युरोपशी नाही.

भारतात हे आयएसएलमुळे सुरू झालं का?

अजिबात नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रीचा जोसे रामिरेझ बारेटो कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आला तेव्हा आयएसएलचा कुणी विचारही केला नव्हता. मुंबईकरांनी तो महिंद्रा युनायटेडच्या जर्सीतही पाहिला. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणारा तो संघ आज अस्तित्वात नाही, पण कूपरेजच्या जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी तो अजून असतो. गोव्यात ब्राझीलचा बेटो डेंपो क्लबसाठी वर्षानुवर्षं मधली फळी सांभाळत होता आणि त्याने दिलेल्या पासवर नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोल करत होता.

आयएसएल २०१४ मध्ये आली तेव्हा पैसा आणि प्रसिद्धी आली. एफसी गोवाने प्रशिक्षक म्हणून थेट ब्राझीलचा दिग्गज झिकोला आणलं. पहिल्या तिन्ही हंगामांत सर्वाधिक गोल दक्षिण अमेरिकेच्या खेळाडूंनी केले: २०१४ मध्ये चेन्नईयिनचा ब्राझिलियन एलानो ८ गोल, २०१५ मध्ये त्याच क्लबचा कोलंबियन स्टिव्हन मेंडोझा १३ गोल, २०१६ मध्ये दिल्लीचा ब्राझिलियन मार्सेलिन्यो १० गोल. २०२२-२३ मध्ये ओडिशाच्या दिएगो मॉरिसियोने १२ गोलांसह हा मान पुन्हा ब्राझीलकडे नेला.

मोठं नाव घ्यावं की अनोळखी खेळाडू?

हा प्रश्न प्रायोजक हमखास विचारतात. मोठं नाव तिकिटं विकतं, हे खरं. २००२ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघाचा लुसियो एफसी गोवाकडून खेळला, त्याच संघातला रॉबर्टो कार्लोस दिल्लीकडे आला. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम ठरलेला उरुग्वेचा दिएगो फोरलान २०१६ मध्ये मुंबई सिटीत होता. त्याने अंधेरीच्या मैदानावर केरळविरुद्ध हॅटट्रिक केली, सामना मुंबईने ५-० असा जिंकला आणि त्या वर्षी मुंबई साखळीत अव्वल राहिली. फोरलान सदतिशीतही मनापासून खेळला, म्हणून ते जमलं.

पण क्लब उभा राहतो तो दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूंवर, असं माझं ठाम मत आहे. आद्रियान लुना पाहा. उरुग्वेच्या ताकुआरेंबो गावचा. मेक्सिकोत खेळला, मग ऑस्ट्रेलियात मेलबर्न सिटीकडून २०२०-२१चं विजेतेपद जिंकला आणि तिथून केरळ ब्लास्टर्समध्ये आला. पहिल्याच हंगामात संघ अंतिम फेरीत. पुढे तो कर्णधार झाला. क्लेटन सिल्वाचंही तसंच. थायलंडच्या लीगमध्ये शंभरावर गोल करून मगच तो बेंगळुरूला आला, पुढे ईस्ट बंगालचा आधार बनला. पुणेकरांना २०१७-१८ आठवत असेल. बालेवाडीत उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो या जोडीने एफसी पुणे सिटीला पहिल्यांदा बाद फेरीत नेलं. यांपैकी कुणाचंही नाव भारतात येण्याआधी आपल्याकडे घराघरांत माहीत नव्हतं.

लुना आणि क्लेटन यांच्यात एक समान धागा आहे. भारतात येण्याआधी ते एकदा तरी घरापासून दूर, परक्या भाषेत, परक्या हवेत पूर्ण हंगाम खेळून आले होते. निवड करताना ही गोष्ट मी गोलांच्या आकड्याच्याही आधी पाहतो.

तरुण खेळाडू घेऊन पुढे विकता येईल का?

येईल, पण आपल्याकडे हा विचार फार कमी झाला. मेंडोझा पहिल्यांदा चेन्नईत आला तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. पुढे ब्राझीलच्या कोरिंथियन्स क्लबने त्याला घेतलं आणि नंतर तो फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतही खेळला. म्हणजे आपली लीग पायरी ठरू शकते. त्यासाठी क्लबने दोन-तीन वर्षांचा करार करायची हिंमत दाखवायला हवी. आपल्याकडे बहुतेक करार एका वर्षाचे असतात. मग खेळाडू चमकला की दुसऱ्याचा होतो आणि क्लबच्या हाती काहीच उरत नाही.

व्हिडिओ पाहून निवड करता येते का? प्रत्यक्ष जाणं परवडत नाही.

सर्वांनाच साओ पाउलोला जाणं परवडत नाही, हे मान्य. आता पूर्ण सामने घरबसल्या पाहायची सोय देणाऱ्या वायस्काउटसारख्या सेवा आहेत, त्यांचं वार्षिक शुल्क एका चुकीच्या कराराच्या मानाने काहीच नाही. पण एजंटाने पाठवलेली पाच मिनिटांची चित्रफीत बाजूला ठेवा. तिच्यात प्रत्येक जण पेलेच दिसतो.

पूर्ण सामने पाहा, आणि मुद्दाम वाईट सामने निवडा: बाहेरगावचा, चिखलातला, संघ दोन गोलांनी मागे असलेला. चेंडू गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत तो काय करतो? सत्तराव्या मिनिटानंतर त्याच्या धावा किती कमी होतात? सहकाऱ्याने चुकीचा पास दिला तर हात वर करून ओरडतो, की वळून मागे धावतो? भारतीय क्लबमध्ये त्याच्या शेजारी एकोणीस-वीस वर्षांची मुलं असणार आहेत. त्यांच्यावर चिडणारा खेळाडू कितीही चांगला असला तरी ड्रेसिंगरूम बिघडवतो.

मग आकडे. गेल्या दोन हंगामांत एकूण किती मिनिटं खेळला, हा सर्वांत प्रामाणिक आकडा. गोल नशिबानेही होतात. मिनिटं तंदुरुस्तीशिवाय आणि प्रशिक्षकाच्या विश्वासाशिवाय मिळत नाहीत. मधे सहा महिन्यांची पोकळी दिसली तर कारण विचारा. गुडघा असेल, न मिळालेला पगार असेल, घरचं आजारपण असेल, तिन्हींचा अर्थ वेगळा.

आणि फोन करा. आधीच्या प्रशिक्षकाला, फिजिओला, जमलं तर किट सांभाळणाऱ्या माणसालाही. खेळाडू रोज सकाळी कसा वागतो हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. पोर्तुगीज किंवा स्पॅनिश येणारं कुणीतरी जवळ हवं. गोव्यात पोर्तुगीज बोलणारी जुनी मंडळी अजून आहेत, त्यांची मदत घ्या. ब्राझीलच्या आणि आपल्या घड्याळात साडेआठ तासांचा फरक असल्याने आपल्या संध्याकाळी फोन केला की तिथे सकाळ असते.

हवामानाचाही विचार करा, पण त्याचा बाऊ नको. रेसिफे, फोर्तालेझा, बेलेमकडचा खेळाडू दमट उकाड्याला सरावलेला असतो. माँतेव्हिदेओ किंवा पोर्तो अलेग्रीच्या खेळाडूला रुळायला काही आठवडे द्यावे लागतात. बारेटो पोर्तो अलेग्रीचाच होता आणि कोलकात्याच्या उकाड्यात वर्षानुवर्षं खेळला, हेही लक्षात ठेवा.

एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

फिफाने एजंटांसाठी परवाना पुन्हा सक्तीचा केला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याशिवाय हे काम करता येत नाही. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तिथे नाव नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. नाव असेल तर दुसरा कागद मागा: या खेळाडूने तुम्हालाच प्रतिनिधी नेमल्याचा लेखी करार. एकाच खेळाडूसाठी तीन-तीन माणसं फोन करतात आणि खेळाडूला त्यातल्या दोघांची ओळखही नसते, असं सर्रास होतं. खेळाडूशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय आकड्यांची चर्चा करू नका. कमिशनवर फिफाने घातलेली मर्यादा न्यायालयीन वादांमुळे डिसेंबर २०२३ अखेर स्थगित झाली, त्यामुळे टक्केवारी आधीच लेखी ठरवा.

खेळाडू मोकळा असेल तर हस्तांतराचा खर्च शून्य ना?

आधीच्या क्लबला शुल्क द्यावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीची रक्कम, एजंटाचं कमिशन, कुटुंबासह विमानभाडं, घर, गाडी, विमा आणि कर हे सगळं उरतंच.

करार चालू असलेला खेळाडू घेतलात तर आणखी तीन गोष्टी येतात. शुल्कातला ५ टक्के भाग त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांना जातो. अर्जेंटिनात हस्तांतराच्या रकमेतला १५ टक्के वाटा खुद्द खेळाडूचा असतो, तो कोण भरणार हे आधी ठरवा. आणि खेळाडूच्या हक्कांत एखाद्या गुंतवणूकदाराचा वाटा आहे असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. मे २०१५ पासून फिफाने त्रयस्थांच्या अशा मालकीवर बंदी घातली आहे. प्रशिक्षण भरपाईचा, म्हणजे तरुण खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना द्यायच्या वेगळ्या रकमेचा, प्रश्न मात्र सहसा येत नाही, कारण ती खेळाडू २३ वर्षांचा होतो त्या वर्षअखेरीपर्यंतच लागू असते.

करारात काय काय हवंच?

क्लब बुडतात ते इथे.

पहिलं, पगार हातात किती आणि कर कुणाचा. दक्षिण अमेरिकेचे खेळाडू जवळजवळ नेहमी हातात पडणाऱ्या रकमेवर बोलतात, आपले हिशेबनीस एकूण रकमेवर. हा फरक लिहिला नाही तर पहिल्याच महिन्यात भांडण. भारतात अनिवासी परदेशी खेळाडूच्या खेळातून मिळणाऱ्या उत्पन्नावर २० टक्के दराने कर, वर अधिभार आणि उपकर लागतो. पण आर्थिक वर्षात त्याचा मुक्काम १८२ दिवस किंवा त्याहून जास्त झाला तर तो निवासी ठरू शकतो आणि हिशेब पूर्ण बदलतो. हंगाम लांबला की हे होतंच. सनदी लेखापालाला सहीच्या आधी बोलवा.

दुसरं, चलन आणि तारीख. रुपयात की डॉलरमध्ये, कोणत्या दराने, महिन्याच्या कोणत्या दिवशी. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू नोटीस देऊन १५ दिवसांनी करार मोडू शकतो, आणि उरलेल्या कराराची भरपाईही मागू शकतो. फिफाकडे तक्रार गेली आणि निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर क्लबला नवे खेळाडू नोंदवता येत नाहीत. भारतातल्या अनेक क्लबांवर ही बंदी आलेली आहे. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण थकलेला पगार म्हणजे साओ पाउलोच्या उपनगरात एका आईचं थकलेलं घरभाडं असतं. ब्राझीलच्या खेळाडूंचे मोबाइलवरचे गट मोठे आहेत. कोणता क्लब वेळेवर पैसे देतो ही बातमी तिथे एका दिवसात पसरते, आणि मग पुढच्या वर्षी तुम्हाला कोण मिळणार ते ठरतं.

तिसरं, करार त्याच्या भाषेतही द्या. वाद झाला तर इंग्रजी प्रत ग्राह्य, असं लिहा, पण सही करणाऱ्याला काय लिहिलंय ते कळलंच पाहिजे.

मुदत किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंत, कमाल पाच वर्षं, हा फिफाचा नियम.

वैद्यकीय तपासणी सहीनंतर केली तर चालेल का?

नाही. ‘तपासणीत पास झाला तरच करार लागू’ किंवा ‘व्हिसा मिळाला तरच लागू’ अशी अट फिफा मान्य करत नाही. सही झाली की करार झाला. त्यामुळे तपासणी आधी, आणि तीही नीट: गुडघे, घोटे, मांडीचे स्नायू, आणि न चुकता ईसीजी व इकोकार्डिओग्राम.

हृदयाच्या तपासणीबद्दल मी हट्टी आहे, त्याचं कारण गोव्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, डेंपो विरुद्ध मोहन बागान. डेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो मैदानावरच कोसळला आणि वाचला नाही. डेंपोने करंडक जिंकला, आणि त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची तयारी किती अपुरी होती यावर त्यानंतर देशभर चर्चा झाली. तुमच्या सरावाच्या मैदानावरही, फक्त सामन्याच्या दिवशी नव्हे, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि तो वापरता येणारा माणूस हवा. हजारो मैल दूरच्या घरातून एखाद्याचा मुलगा आणताना एवढी जबाबदारी आपलीच.

व्हिसा आणि कागदपत्रांना किती वेळ धरावा?

सहीपासून मैदानापर्यंत सहा आठवडे धरा, लवकर झालं तर आनंद. पर्यटक व्हिसावर आणून खेळवायचा विचारही करू नका. रोजगार व्हिसाच हवा, आणि १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर पोहोचल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन नोंदणी.

एक गोष्ट हटकून विसरली जाते: पीतज्वराची लस. ब्राझील, अर्जेंटिना, कोलंबिया, पेरू, पॅराग्वे इथून येणाऱ्याकडे या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. तिकीट काढण्याआधी प्रमाणपत्राचा फोटो मागवा.

आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र, म्हणजे खेळाडूची नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशात हलवणारा कागद, फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेतून दोन्ही देशांच्या महासंघांमार्फत येतं. ब्राझील किंवा अर्जेंटिनाकडून उशीर झाला तर बहुतेक वेळा कारण आपल्या बाजूने अपलोड न केलेला एखादा कागद असतो.

एका वेळी किती परदेशी खेळवता येतात?

आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानावर सहा चालत, २०१७-१८ पासून पाच, आणि २०२१-२२ पासून चार. जागा चारच, म्हणून बहुतेक क्लब मधला बचावपटू, मधल्या फळीतला सूत्रधार आणि स्ट्रायकर यांवर पैसे लावतात.

यामुळे आपल्या मुलांची जागा जाते का?

स्ट्रायकरच्या बाबतीत, हो, जाते. क्लबांनी वर्षानुवर्षं नऊ नंबरची जर्सी परदेशी खेळाडूला दिली, आणि सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न त्यातूनच इतका बिकट झाला. पण सूत्रधाराच्या जागी आलेला चांगला दक्षिण अमेरिकी खेळाडू आजूबाजूच्या मुलांचा खेळ सुधारतो. जागा कुणाची जाते हे परदेशी खेळाडू ठरवत नाही, क्लबचा प्रशिक्षक ठरवतो. म्हणून मी छोट्या क्लबांना स्ट्रायकरआधी मिडफिल्डर सुचवतो, आणि करारातच अकादमीच्या मुलांसोबत आठवड्यातून एक सत्र लिहून घ्यायला सांगतो. बहुतेक खेळाडू ते आनंदाने करतात.

तो इथे रुळावा म्हणून काय करावं?

बायको-मुलं सोबत येऊ द्या, इथेच अर्धं काम होतं. स्वयंपाकघर असलेलं घर द्या, हॉटेलची खोली नको. ब्राझीलच्या माणसाचं रोजचं जेवण म्हणजे भात आणि घेवड्याची उसळ, ते आपल्याकडे सहज जमतं. तिखट मात्र हळूहळू. गोव्यात पाव, चोरीस (गोव्याचं सॉसेज) आणि चर्चमधली रविवारची मिस्सा असल्याने तो लवकर रमतो. मुंबईत प्रवासाचा त्रास जास्त, म्हणून सरावाच्या मैदानाजवळ घर बघा.

आमच्या कोल्हापूरच्या तालमीला एखादा ब्राझिलियन आणता येईल का?

शाहू स्टेडियमवर परदेशी, मुख्यतः आफ्रिकी खेळाडू दिसले आहेत, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण हौशी स्पर्धेसाठीही आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतंच, व्हिसाचे नियमही तेच. दोन महिन्यांच्या हंगामासाठी एवढा खर्च मला पटत नाही. त्याच पैशात तालमीच्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी वर्षभराचा परवानाधारक प्रशिक्षक ठेवता येईल.

सतरा वर्षांचा मुलगा मिळतोय, घ्यावा का?

नाही. १८ वर्षांखालच्या खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतराला फिफाची मुळातच बंदी आहे. अपवाद मोजके आहेत आणि ते या प्रकरणाला लागू होत नाहीत.

स्पर्धाच लांबली तर?

हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ (एआयएफएफ) आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आला म्हणून जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला. काही क्लबांनी पगार आणि सराव थांबवले, आणि कित्येक परदेशी खेळाडू दुसऱ्या देशांत निघून गेले. आता करार करताना तीन गोष्टी आधीच लिहा: हंगाम ठरल्या तारखेला सुरू झाला नाही तर पगार किती दिवस पूर्ण चालू राहील, त्यानंतर खेळाडूला कोणत्याही शुल्काशिवाय उसनवारीवर दुसरीकडे जाता येईल का, आणि परतीचं तिकीट कुणाचं. तिकीट क्लबचंच असावं.